मी पेट्रोल का ढोसत होते

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर मी अजून बरी दिसते. जवळ आलात की दारांच्या कडांचा गंज दिसेल, मागच्या दिव्याला लावलेली चिकटपट्टी दिसेल आणि बॉनेटवरचा उडालेला रंगही दिसेल. मी जुनी गाडी आहे. लोक मला सेकंडहँड म्हणतात, पण तेही माझा मान राखायला. खरं सांगायचं तर मी आता तिसऱ्या घरी नांदते आहे. दोन घरांनी मला वापरून पुढे दिलं, आणि तिसऱ्या घरात मी आले ती एक वाईट सवय घेऊनच, असं सगळे म्हणत. म्हणत की ही फार पिते. पेट्रोल हो! भलता अर्थ काढू नका.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. कोणी दारं बसवली, कोणी काचा बसवल्या, कोणी चाकं आवळली. एकानेही माझ्याकडे दोन मिनिटांहून जास्त वेळ पाहिलं नाही. शेवटी उभ्या असलेल्या माणसाने बॉनेटवरून फडकं फिरवलं, "झाली" म्हणाला आणि मागच्या गाडीकडे वळला. एवढंच काय ते माझं बारसं.

पहिल्या घरी मात्र माझे लाड झाले. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या त्या. रुग्णाच्या तोंडात जितक्या हलक्या हाताने काम करायच्या, तितक्याच हलक्या पायाने मला चालवायच्या. लांबून सिग्नल लाल दिसला की तेव्हाच पाय उचलायच्या. एका टाकीत मी इतकं लांब जायचे की लोक त्यांना थांबवून विचारायचे. तेव्हा मला वाटायचं, हा गुण माझा आहे. फुशारकीने मी जरा टम्म फुगलेच होते. मग बाई परदेशी मुलाकडे राहायला गेल्या आणि मी औषधं विकणाऱ्या एका माणसाच्या हाती पडले. त्याने मला अक्षरशः पिळून काढलं. ऑइल काळंकुट्ट होईपर्यंत बदलायचं नाही, पाणी संपेपर्यंत बघायचं नाही, आणि मी कुरकुरले की रेडिओचा आवाज वाढवायचा. माझं मन तिथेच विटलं. त्यानेही एक दिवस हात झटकले आणि मी दादाकडे आले.

दादा म्हणजे या घरातला थोरला. खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो पाळीवरची माणसं सांभाळतो. घरात त्याची आई आहे आणि धाकटी बहीण आहे. ती घरी मुलांच्या शिकवण्या घेते. सगळे तिला धाकटी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मला आणलं ते आईसाठी. आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिची पाठ कायमची धरली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला उपचाराला न्यावं लागतं. तिथे तिची पाठ शेकतात, हळूहळू व्यायाम करून घेतात. सुरुवातीला ती काठी घेऊनही उभी राहू शकत नव्हती. आता चार पावलं चालते. ही चार पावलं माझ्यामुळे, असं मी मनातल्या मनात म्हणते, कोणी म्हणत नाही म्हणून.

पण दादाचं लक्ष त्या चार पावलांकडे नव्हतं, काट्याकडे होतं. पेट्रोलचा काटा. टाकी भरली की थोड्याच दिवसांत तो तळाला टेकायचा आणि दादाचं डोकं तापायचं.

"ही गाडी आहे की म्हैस? नुसती ढोसते!" असं म्हणून तो माझ्या चाकाला लाथ मारायचा. म्हशीला निदान कोणी विचारतं तरी, आज काय झालं म्हणून.

मग माझ्यावर उपाय सुरू झाले. मेकॅनिकने हवेचा फिल्टर बदलला, प्लग बदलले, ऑइल बदललं. टपावरचं सामानाचं कॅरिअर काढून टाकलं. टाकीत कसलंसं निळं औषध ओतलं, त्याने मला दोन दिवस मळमळल्यासारखं झालं. एवढं करून काटा थोडा थांबायचा आणि पुन्हा घसरायचा. वरच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांना गल्लीत सगळे सल्लाकाका म्हणतात, कारण विचारण्याआधीच ते सल्ला देतात. ते माझ्याभोवती फेरी मारून म्हणाले, "वजन कमी कर रे हिचं. डिकी बघ, केवढं ओझं वाहतेय बिचारी!"

दादाने डिकी रिकामी केली. जुन्या चपला, पाण्याचे कॅन, सतरंजी, सगळं गेलं. त्याच झपाट्यात त्याने माझी स्टेपनीही काढली आणि जिन्याखाली नेऊन टाकली. पाचवं चाक ते. अडीअडचणीचा माझा एकच आधार. मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्या हॉर्नची तारही तेव्हा तुटलेली होती.

आता मित्रांनो, खरी गोष्ट सांगते. दादा रविवारी पंपावर जाऊन चारी चाकांत नीट हवा भरून आणायचा. आणि मंगळवारी, तो कामावरून यायच्या आधी, धाकटी हातात फडकं घेऊन यायची. माझ्या काचा पुसायची. इकडेतिकडे बघायची. मग प्रत्येक चाकापाशी उकिडवी बसून हवा सोडायची. फुस्स. फुस्स. शुक्रवारी पुन्हा तेच. एक भरतो, दुसरी सोडते, आणि मधल्या मध्ये मी बदनाम!

ती हे का करायची? लहानपणी सायकलची हवा कमी असली की खडीवरून बसायला मऊ लागायचं, हे तिच्या लक्षात राहिलं होतं. आईला धक्के बसू नयेत, एवढाच तिचा हेतू. हवा कमी असली की चाकं रस्त्याला चिकटून ओढली जातात, मला दुप्पट जोर लावावा लागतो आणि पेट्रोल जास्त जळतं, हे तिला कुठून कळावं? इकडे दादाने मेकॅनिककडून चाकांचे व्हॉल्व्हसुद्धा बदलून घेतले. हवा कुठून जाते ते सापडेना. धाकटी शेजारीच उभी होती, मान खाली घालून.

पण आईला धक्के का बसायचे, तेही ऐका. दादा मला चालवायचा म्हणजे मागे वाघ लागल्यासारखा. मंगळवारी आणि शुक्रवारी तो पाळी बदलून घ्यायचा, डबा न खाताच यायचा आणि आईला सोडून-आणून पुन्हा कामावर पळायचा. गिअर टाकायच्या आधीच ॲक्सिलरेटर दाबायचा, सिग्नलपर्यंत सुसाट जायचा आणि तिथे कचकन ब्रेक मारायचा. मागच्या सीटवर आई दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरून बसायची. तिचे ओठ आवळलेले असायचे. मी आरशातून बघायचे. दादा बघायचा नाही, त्याला वेळ कुठे होता?

आणि उतरताना आई काय म्हणायची? "छान आणलंस रे बाळा. किती लवकर पोचलो!"

झालं. कौतुक ऐकून दादा पुढच्या वेळी आणखी जोरात चालवायचा. या घराची रीतच अशी आहे. जो राबतो त्याला त्याची चूक सांगायची नाही. आई बोलायची नाही, धाकटी बोलायची नाही. गपचूप चाकातली हवा सोडायची, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. माया असते खरी ती, मी नाही कशाला म्हणू? पण तिच्यापायी मी मात्र मोडकळीला आले होते.

शेवटी एक दिवस जुन्या गाड्या घेणारा आला. त्याने माझं बॉनेट टकटक वाजवलं, दार दोनदा आपटलं आणि तोंड वाकडं केलं. माझ्यासारख्यांचे तो सुटे भाग करून विकतो. दादा म्हणाला, "या आठवड्यात बघतो. नाही सुधारली तर रविवारी घेऊन जा."

आई खिडकीतून ऐकत होती. रात्रीच्या जेवणाची तयारी चालू होती, तेव्हा ती म्हणाली, "गाडी दिलीस तर दे बाबा. पण मला बसने नेऊ नका. त्या पायऱ्या माझ्याने चढवत नाहीत. मी आपली घरीच पडून राहीन."

"असं कसं आई?" दादा चिडला. "चालायला लागलीस की आता!"

"चार पावलांनी काय होतंय," आई म्हणाली.

मला भंगारात जायची भीती वाटली नाही, मित्रांनो. खोटं कशाला बोलू, सुटका होईल असंही एकदा वाटून गेलं. पण आई पुन्हा खाटेवर पडून राहणार, हे मात्र मला सोसवेना.

मंगळवार उजाडला. धाकटीने हवा सोडली. आणि त्या दिवशी घाबरून तिने नेहमीपेक्षा जास्तच सोडली. गाडी जाणार, आईचे गाडीतले हे शेवटचे दिवस तरी मऊ जावेत, असं तिच्या मनात असावं. चाकं पार बसली होती, पण दादाला बघायलाही फुरसत नव्हती. आई मागे आणि धाकटी पुढे बसताच त्याने मला दामटलं. पुलाच्या उतारावर एक खड्डा होता. नेहमी मी तो कसाबसा झेलते. त्या दिवशी चाकात जीवच नव्हता. लोखंडी रिम थेट खड्ड्याच्या कडेवर आदळली आणि पुढच्या टायरची बाजू टराटरा फाटली. मी लंगडत रस्त्याच्या कडेला जाऊन थांबले.

दादा उतरला. डिकी उघडली. डिकी स्वच्छ रिकामी होती. तो काही वेळ त्या रिकाम्या डिकीकडे बघत राहिला. मग त्याने बाकीची तीन चाकं पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"परवाच हवा भरली होती! जाते कुठे ही हवा?"

"मी सोडते दादा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "आईला धक्के बसतात. म्हणून दर वेळी मीच सोडते."

"तू? आणि मी महिनोन् महिने त्या मेकॅनिकशी भांडतोय! अगं, मला सांगायचं ना, धक्के बसतात म्हणून!"

तेव्हा मागच्या सीटवरून आई बोलली.

"तिला नको रागावूस. हवा सोडून काही फरक पडत नव्हता. मला ठाऊक होतं ती खाली बसून काय करते ते. पोरीला बरं वाटतं, म्हणून मी बोलले नाही."

"मग फरक कशाने पडतो?"

"तू सावकाश चालवलंस तर पडेल रे."

दादाचा चेहरा उतरला. "छान आणलंस म्हणायचीस ना दर वेळी?"

"तू उपाशी येतोस," आई म्हणाली. "उपाशी माणसाला काय बोलायचं?"

बाजूने गाड्या जात राहिल्या. दादा माझ्या बॉनेटला टेकून उभा होता आणि डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखा सारखा डोळे पुसत होता. शेवटी त्याने सल्लाकाकांना फोन केला. ते स्कूटरवर माझी स्टेपनी पायांमध्ये धरून आले आणि आल्या आल्या म्हणाले, "स्टेपनी कधी काढतात का रे? कोणी दिला तुला हा सल्ला?"

आई इतकी हसली की तिला पाठ धरावी लागली.

त्या शुक्रवारी चारी चाकांत पुरेपूर हवा होती. धाकटीने नुसत्या काचा पुसल्या. दादा डबा खाऊन आला. निघताना त्याने माझ्यावर पाय असा ठेवला की मला एकदम दातांच्या डॉक्टरीणबाई आठवल्या. सिग्नल लांबून दिसला की तो पाय उचलायचा. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, एक जण शिव्या देऊन पुढे गेला. दादाचे कान लाल झाले, पण त्याने वेग वाढवला नाही. खड्ड्यापाशी मी जवळजवळ थांबले आणि एकेक चाक उतरवून पुढे गेले. जाऊन-येऊन काटा हलला तो अगदी नावाला. म्हणजे तो गुण कधीच माझा नव्हता तर. चालवणाऱ्याचा होता. वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं.

परत येताना मागून काहीच आवाज येईना. मी आरशातून पाहिलं. आईचे हात मुठीवर नव्हते, मांडीवर होते. ती झोपली होती. इतक्या महिन्यांत माझ्या सीटवर ती पहिल्यांदाच झोपली होती.

दाराशी पोचल्यावर दादाने किल्लीला हात लावला आणि तसाच थांबला. इंजिन बंद केलं तर माझी घरघर थांबेल, थंड हवा बंद होईल आणि तिला जाग येईल. धाकटी खूण करून घरात गेली. तो बसून राहिला. मी जागच्या जागी पेट्रोल जाळत राहिले. दिवसभरात जेवढं वाचवलं होतं तेवढं सगळं गेलं असेल. काटा दादाच्या डोळ्यांसमोर खाली येत होता आणि तो त्याच्याकडे बघतही नव्हता. कामावर जायची वेळ होऊन गेली होती.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या घरची जुनी गाडी जास्त पिऊ लागली तर तिला लाथ मारू नका. हवा बघा, फिल्टर बघा, पाय जरा हलका ठेवा. आणि मागे बसलेल्या माणसाला विचारा, नीट बसलीस ना, त्रास होत नाही ना? ते माणूस "छान" म्हणालं तर पुन्हा एकदा विचारा.

तर दादा तसाच बसून होता, तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. जुन्या गाड्या घेणारा होता. रविवारी किती वाजता येऊ, असं विचारत होता.

"येऊ नका," दादा अगदी हळू आवाजात म्हणाला. "नाही, द्यायची नाही गाडी. आता बोलत नाही, आई झोपलीय."