थरथरता अलिफ

अब्बांनी जन्मभर बोरूनं अक्षरं घडवली, आणि म्हातारपणी हात असा कापायला लागला की बशीतला चहा अर्धा मांडीवर. बोरू पेटीत गेला. "माझं संपलं," म्हणाले, आणि खिडकीशी बसून अख्ख्या जगाला नावं ठेवू लागले.

लेक चित्रकार, पण ना कागद ना रंग, कॉम्प्युटरच्या काचेच्या पाटीवर पेन फिरवायची. "पाटी आम्ही बालवर्गातच सोडली," हा अब्बांचा ठरलेला टोमणा. सध्या ती एका पुस्तकाचं मुखपृष्ठ करत होती: कोनाड्यात दिवा, आणि ज्योतीच्या जागी अलिफ. अलिफ म्हणजे उर्दू-अरबीतलं पहिलं अक्षर, नुसती उभी रेघ, एका ईश्वराची खूण. कॉम्प्युटरमधला तयार अलिफ तिला मेलेला वाटे. तिला अब्बांच्या हातचा हवा होता.

"एकदाच काढा ना, अब्बा."

"डोकं नको खाऊस."

तिनं खाल्लंच. शेवटी कटकट नको म्हणून त्यांनी पेन धरलं. लेकीनं गुपचूप स्टॅबिलायझर पूर्ण चढवला. हात कितीही हलो, रेघ सरळ करून देणारी ही सोय. अलिफ उमटला, ओळंबा लावल्यासारखा.

अब्बा बघतच राहिले. "अगं, हात परत आला की माझा!" त्यांचा चेहरा इतका फुलला की खरं सांगायला तिची जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय, पेटी उघडी, जमिनीवर कागदच कागद, प्रत्येकावर वेडीवाकडी रेघ, आणि मधोमध अब्बा, कोपरापर्यंत शाईत.

"काय करामत होती त्या पाटीत?"

तिनं सांगून टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. अब्बा ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काल दिवसभर हवेत होतो गं मी," एवढंच म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. "आण ती पाटी. आणि तुझी ती सोय बंद कर."

हात कापतच होता. अलिफ शेंड्यापासून पायथ्यापर्यंत थरथरत उतरला. लेकीनं तो कोनाड्यात बसवला, आणि दिवा पेटला म्हणायचा. वाऱ्यावरची ज्योत अशीच तर हलते.

अब्बांनी चष्मा लावून दोन्ही अलिफ शेजारीशेजारी पाहिले.

"सरळ आहे तो पुसून टाक," ते म्हणाले. "कुणाच्या बापाचा आहे कुणास ठाऊक. हा तुझ्या बापाचा आहे."