मेपलची चकती आणि मार्लिसचा आवाज

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, चर्चच्या तळघरात आमच्या हेडफोनवाल्या मंडळाचा मेळावा भरला होता आणि ब्रेंट केसलरच्या टेबलाभोवती मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. कॉफी गार झाली, लिंबाच्या वड्या तशाच पडून राहिल्या. केसलर महाराज मेपलच्या लाकडाची थाळीएवढी चकती हातात धरून प्रवचन देत होते.

"विजेतसुद्धा मळ असतो, मित्रांनो. ही चकती यंत्रावर ठेवली की मळ खाली बसतो आणि आवाज मोकळा श्वास घेतो."

लोक एकेक करून ऐकत होते आणि डोळे पुसत होते. चमत्कार चालला होता तो माझ्याच यंत्रावर. संगणकातल्या आकड्यांचा आवाज करून तो हेडफोनला पुरेल इतका वाढवणारं टेबलावरचं डबडं, ना स्वस्त ना महाग. "गरीब यंत्राचाही उद्धार होतो" हे दाखवायला केसलरने ते मुद्दाम मागून घेतलं होतं.

माझा मित्र लाइल अमंडसन हेडफोन काढून म्हणाला, "जॉइस, मार्लिस अगदी समोर येऊन गायली गं."

मार्लिस म्हणजे त्याची बायको. ती गेली, आणि चर्चमधल्या तिच्या गाण्याचं एकच ध्वनिमुद्रण मागे राहिलं; तेच त्याने आत्ता ऐकलं होतं.

"चकत्यांचा सगळा संच घेतोय," लाइल म्हणाला. "त्या पैशांसाठी उद्या तिचा पियानो विकतो."

माझं डोकंच फिरलं. "थांब. यंत्र माझं आहे. या वेळी चकती मी ठेवते, तू डोळे मीट."

"डोळे मिटून परीक्षा घ्यायची नाही, असा तुमच्याच मंडळाचा नियम आहे, बाई," केसलर गोड हसून म्हणाला. खरंच आहे तसा नियम. पाहुण्याचा अपमान होतो म्हणे.

"मग मला मंडळातून काढा." मी आवाजाच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि चकती ठेवली.

लाइलने डोळे मिटून ऐकलं. "नाही. काहीच फरक नाही."

मी चकती उचलली, पट्टी काढली आणि बटण केसभर पुढे सरकवलं.

"आता आली बघ," लाइल म्हणाला. "ठेवलीस ना चकती?"

"चकती माझ्या हातात आहे. डोळे उघड." मग मघाशी मी जे पाहिलं होतं ते सगळ्यांना सांगितलं. चकती ठेवताना केसलरची करंगळी तिच्याआडून बटण किंचित वाढवायची, उचलताना कमी करायची. आवाज एवढासा वाढला तर तो मोठा झालाय हे कळतच नाही, नुसता जास्त छान वाटतो.

"तुमचे कान अजून तयार नाहीत," केसलर सामान आवरत पुटपुटला.

लाइलचा चेहरा पडला. "म्हणजे ती आली नव्हती?"

"तिचा आवाज त्या ध्वनिमुद्रणात आहेच, लाइल. तुझ्या घरच्या साध्या डबड्यातूनही तो येईल. तिला बोलावणारा हा कोण?"

त्याने हेडफोन टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "पियानो राहू दे घरात."

मंडळाने मला खरोखरच काढलं. काढू दे. चमत्कार दाखवणाऱ्याची आधी डोळे मिटून परीक्षा घ्या, आणि एखादा नियम आडवा आला तर तो बेधडक मोडा.