उसवलेलं नाव

कट्.

लेक झोपलेली, पंखा बंद, आणि त्या शांततेत कात्रीचा एवढाच आवाज. मी कामाच्या एप्रनवरून माझं नाव उसवत होते.

इस्पितळाच्या लाँड्रीत प्रत्येकीच्या एप्रनवर नाव शिवलेलं असतं. माझं बाबांनी शिवलं होतं. पुस्तकबांधणीत जन्म गेलेला माणूस. दोऱ्याला मेण लावून असे टाके घातले की दोन वर्षांच्या उकळत्या पाण्यात एकही हलला नाही. लैला. "जुन्या अरबी कवितेतलं नाव, बाळ," ते सांगायचे. "या नावापायी एक कवी वेडा होऊन रानोमाळ फिरला."

आमचा मुकादमही कवीच निघाला. बाकीच्यांना साधी हाक. माझं नाव मात्र माइकवरून लांबवायचं, वर एक सुस्कारा. मग मशीनवरचे पुरुष छातीवर हात ठेवून कोलमडल्याचं सोंग करणार. बायकाही हसणार. त्या ओल्या सुस्काऱ्याची इतकी किळस यायची की घरी आले की आधी कान धुवायची.

आज त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "साहेब, माझं नाव सरळ घ्या."

"अगं, गोड आहे म्हणून घेतो. हौस तुझ्या बापाची, राग माझ्यावर?" तो दात कोरत म्हणाला. "नको तर नाव काढून नंबर लाव. चौदा."

शेजारी इस्त्री करणाऱ्या मावशी कुजबुजल्या, "लाव गं. सुंठीवाचून खोकला जाईल."

बाबांनी गोष्ट अर्धीच सांगितली होती. पुढची मी त्यांच्याकडे बांधायला आलेल्या एका पुस्तकात वाचली. तो कवी मोकळ्या रानात लैलाचं नाव ओरडत फिरला. तिला घरच्यांनी कोंडलं, भलत्याच्या गळ्यात बांधलं. वेड त्याचं, बोभाटा तिचा. आणि लोक शतकानुशतकं वाहवा करतात ती त्याचीच. शिसारी येते.

शेवटचा टाका निघाला तोवर लेक उठून मांडीत येऊन बसली. दोरा गेला तरी नाव दिसतच होतं. सगळं कापड विटलेलं, अक्षरांखालचं तेवढं गडद निळं. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग दोऱ्याचे तुकडे एकेक करून मुठीत गोळा केले.

"हे आजोबांनी शिवलेलं ना?"

"हो."

"मग आता हे त्यांना परत द्यायचं का?"