लाल टाचेचा मोजा

"यंत्र खोटं बोलत नाही, मग्रीतामावशी." बेरेंड टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. "तुमच्या डब्यातल्या चहात कॅफिन निघालंय."

"काय निघालंय?"

"कॅफिन. कॉफीत असतं ते. झोप उडवणारं."

मग्रीता फाराओने जाळीवरची भाकरी उलटली. "मग त्या यंत्रालाच झोप येत नसेल. नीट विचारा त्याला."

बेरेंड हसला नाही, तेव्हा मात्र तिने चिमटा खाली ठेवला. बेरेंड ओखाइस हा गावच्या चहा सोसायटीचा सेक्रेटरी. एरवी प्रेतयात्रेतसुद्धा त्याला हसू आवरायचं नाही.

प्रकरण असं झालं होतं. सोसायटीचा रॉयबॉस जर्मनीला जायचा. सीडरबर्गच्या डोंगरातल्या झुडपाचा हा लालभडक चहा. गावात तान्ह्या पोरांच्या बाटलीतसुद्धा तोच. पाकिटावर चंद्र, चंद्राखाली गाढ झोपलेली एक बाई, आणि तिच्या उशाशी मोठ्या अक्षरांत भरवसा, की यात कॅफिनचा कणही नाही, रात्री खुशाल प्या. यंदाचा नमुना जर्मनीच्या व्यापाऱ्याने घरी नेला, झोपण्यापूर्वी दोन कप प्यायले, आणि उजाडेपर्यंत बायकोचं कपाट खोलून पुन्हा जोडून ठेवलं. काही स्क्रू उरले. ते तसेच खिशात टाकून तो तडक प्रयोगशाळेत गेला.

"आता म्हणतो, कारण कळल्याशिवाय माल उतरवून घेणार नाही," बेरेंड म्हणाला. "सगळ्या गावाचा मोसम आहे त्या जहाजात, मावशी."

नमुना दरवर्षी मग्रीताच्याच डब्यातून जायचा. पहिल्या ढिगाच्या पोटातला सगळ्यात गोड चहा तिच्या घरच्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात ठेवायचा, ही तिच्या सासूच्या वेळेपासूनची रीत. कारण गावाचं नाक म्हणजे मग्रीता. कापून कुटलेला हिरवा पाला भिजवून अंगणात ढीग लावला, की तो रात्रभर आतल्या आत घामेजतो, लाल होत जातो. सकाळी तो नेमका कधी फोडून उन्हात पसरायचा, हे मग्रीता ढिगात हात घालून, मूठ नाकाशी धरून सांगायची. घाई झाली तर गवत, उशीर झाला तर व्हिनेगर. तिने "झाला" म्हटल्याशिवाय इथे कुणी दाताळं उचलत नसे.

"माझ्या घरात कॉफीचा दाणा येऊन एक तप झालं," मग्रीता म्हणाली. "फाराओ, सांग की याला."

तिचा नवरा इझाक खिडकीशी बसून जोड्यात वादी ओवत होता. चहाच्या अंगणाचा तो मुकादम. लाडात असो की रागात, ती त्याला आडनावानेच हाक मारायची.

"ती म्हणते तसंच," इझाक जोड्याला म्हणाला.

"मग उद्या सकाळी चर्चच्या हॉलमध्ये सभा," बेरेंडने टोपी चढवली. "डबा घेऊन या."

एक तपापूर्वी इझाकच्या छातीत धडधडायला लागलं होतं. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, पाय गरम ठेवा आणि कॉफी बंद करा. मग्रीताने दोन्ही कामं एका दिवसात केली. जाड लोकरीचे मोजे विणायला घेतले. करडी लोकर टाचेपाशी संपली म्हणून तिथे नातीच्या टोपीची उरलेली लाल लोकर लावली. आणि कॉफीच्या किटलीत माती भरून तीत जिरेनियमची फांदी खोचली. "तुला नाही तर मलाही नाही, फाराओ," म्हणाली. "एका घरात दोन न्याय नकोत."

आता गंमत अशी, की कॉफीचं वेड इझाकला नव्हतंच. ते होतं मग्रीताला. या घरात ती सून म्हणून आली तीसुद्धा, खरं सांगायचं तर, सासूच्या हातची कॉफी पिऊन. इझाककडे तिने नीट पाहिलं ते दुसऱ्या कपाच्या वेळी.

जिभेने कॉफी सोडली, पण नाकाने काही सोडली नाही. कधी इझाकच्या सदऱ्याला वास यायचा, कधी मिशीला. रविवारी उपासनेत तो शेजारी बसून स्तोत्र म्हणायला लागला, की देवाच्या दारात तिला भाजलेल्या दाण्यांचा घमघमाट यायचा. अलीकडे तर स्वतःच्या चहाच्या डब्यातूनही.

"फाराओ, कॉफीचा वास येतोय रे."

"अगं म्हातारे, मनाचे खेळ ते. तुझी हाव हुंगतेय, नाक नाही."

तो हे इतक्या मायेने म्हणायचा की तिला लाज वाटायची. शेवटी ती पाळकसाहेबांकडे गेली. त्यांनी उपास सुचवला. तिने दोन वर्षं इस्टरआधी उपास केले, आणि उपाशीपोटी तर वास दुप्पट यायला लागला. गेल्या मोसमात आयुष्यात पहिल्यांदा, ढिगातली मूठ नाकाशी धरून ती थबकली होती, आणि शेजारणीला, दीनाला म्हणाली होती, "तुला काय वाटतं गं? झालाय?" दीनाने घाबरून झाडाकडे पाहिलं होतं.

मोज्यांची जोडीही गेल्या हिवाळ्यात फुटली. इझाक एकच मोजा घेऊन आला, अंगठ्याला भोक पडलेला. रफू करायला दुसराही आण, असं तिने सांगितलं, तर म्हणाला, दुसरा गाढवाने खाल्ला. हा एक तरी कुठे धड आहे म्हणून तोही परत घेऊन गेला. मग्रीताने दोन दिवस गाढवाला एरंडेल पाजलं. मोजा काही बाहेर आला नाही. गाढव मात्र त्यानंतर तिला पाहिलं की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.

सकाळी हॉल भरला. रीतीप्रमाणे सभेला कॉफी आली. जगाला झोपवायचा चहा विकणाऱ्या समितीला स्वतःला जागं राहणं भागच होतं. मग्रीतापुढे नेहमीप्रमाणे गरम पाण्याचा कप ठेवला गेला. डबा तिच्या मांडीवर, शालीखाली.

चर्चा सुरू झाली. चर्चच्या बँडमधला मोठा कर्णा वाजवणाऱ्या क्लासचं म्हणणं, की सलग दुष्काळाने झुडूप चिडलंय, आता तेही कॅफिन धरायला शिकलं. दुसरा म्हणाला, घाटात दुकानवाल्याचा ट्रक उलटला तेव्हा माकडांनी कॉफीची पोती पळवली. तीच माकडं आपल्या झुडपांत बसतात, पुढचं काय सांगायचं. पाळकसाहेबांनी जर्मन यंत्रासाठी प्रार्थना करावी अशीही एक सूचना आली, आणि तिला अनुमोदनही मिळालं.

"हे सगळं ठीक आहे," बेरेंड म्हणाला. "पण बाकीच्या मालात काही निघालं नाही. निघालं ते फक्त मावशींच्या डब्यात."

सगळ्या माना वळल्या. मग्रीता उठली. तिने स्तोत्रांच्या पुस्तकावर हात ठेवला.

"माझ्या घरात कॉफी नाही. मी प्यायले नाही, माझ्या नवऱ्याने प्यायली नाही. मला वास येतो, हे खरं आहे. ते माझं पाप आहे, पाळकसाहेबांना ठाऊक आहे. पण वासाने चहा बाटत नाही." मग ती इझाककडे वळली. "बोल ना, फाराओ."

इझाक टोपीची किनार बोटांनी फिरवत होता. सगळा हॉल त्याच्याकडे बघतोय हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

"बायकांच्या स्वयंपाकघरातलं मला काय कळतं," तो म्हणाला. "डबा तिच्याच ताब्यात असतो."

हे ऐकून मग्रीता खाली बसली. 

"मग डबा ओतूनच बघू," बेरेंड म्हणाला.

"ओतायचा कशाला?" इझाक एकदम उठला. "वास उडेल. मी घरी नेऊन सावकाश बघतो की."

"आणलाय मी," मग्रीता म्हणाली, आणि शाल बाजूला केली.

टेबलावर पांढरी चादर अंथरली. बेरेंडने डबा दोन्ही हातांनी उचलून पालथा केला. लाल चहाचा सुंदर ढीग पडला, आणि डब्याच्या तळातून, जरा अडकून, मग धप्पकन, त्या ढिगावर एक मोजा येऊन बसला. करडा. टाच लाल. वरून सुतळीने आवळलेला, पोट फुगलेलं, आणि अंगठ्याच्या भोकातून काळी पूड हळूहळू चादरीवर सांडत होती.



"म्हणजे गाढवाने नाही खाल्ला," कुणीतरी मागून म्हणालं.

मग्रीताने वाकून मोजा उचलला आणि नाकाशी धरला. तोच वास. सदऱ्यावरचा, मिशीतला, स्तोत्रातला. तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती नवऱ्याची नव्हतीच. माझं नाक खरं होतं, एवढंच तिला वाटलं. आणि मागोमाग ते उपास आठवले.

"अगं, आम्हाला वाटलं तुला ठाऊक असेल," दीना हळूच म्हणाली.

"काय ठाऊक असेल?"

"हेच. सकाळी गाढवाला पाणी दाखवायला येतो तेव्हा आमच्या मागच्या दारी एक कप घेतो. इतकी वर्षं घेतो. घरी बोलू नको म्हणायचा. मला वाटलं, नवराबायकोची आपसातली काही गंमत असेल."

बेरेंडने खोकून सांगितलं, की ऑफिसातही अर्धा कप व्हायचा. क्लास म्हणाला, बँडच्या तालमीला तर काका दोन घ्यायचे. एकेकाने कबुली द्यायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात असं दिसलं, की गावात इझाकच्या कॉफीची बातमी नसलेले जीव दोनच: मग्रीता आणि पाळकसाहेब. पाळकसाहेब आपल्या कपात बघत बसले होते, तेव्हा बहुधा एकच.

"मग दीनाच्या नवऱ्याने कुरकुर सुरू केली, फार पितो म्हणून," इझाक कुणी न विचारता सांगू लागला. "मला वाटलं, स्वतःची ठेवावी थोडी. डब्यात वास झाकला जाईल. मोज्यातूनच गाळायचो. याच्याही अंगठ्याला भोक पडलंय, तिकडे लक्ष राहिलं नाही."

"तुझी छाती, फाराओ," मग्रीता म्हणाली. "नर्सने सांगितलं होतं."

"तिने पुढच्याच वर्षी सांगितलं, आता एखादा कप चालेल."

"मग मला का नाही बोललास?"

"तू इतक्या हौसेने सोडली होतीस, म्हातारे. सगळ्यांना सांगत होतीस. मला वाटलं, तुझा हिरमोड होईल."

तिला पुढे बोलायचं होतं, पण तोवर हॉलमध्ये आनंदीआनंद झाला होता. कारण सापडलं होतं. झुडूप निर्दोष, माकडं निर्दोष, जहाजातला माल निर्दोष. बेरेंडने इझाकला मिठीच मारली. "वाचवलंत काका," म्हणाला. "यंदाच्या शेवटच्या ढिगातला नवा नमुना आजच पाठवू." क्लासने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. इझाक आधी ओशाळला आणि नंतर, सवयीने, टोपी हलवून त्याने मान तुकवली.

तेवढ्यात अंगणावरचा माणूस धापा टाकत दारात आला. "मावशी, ढीग तापलाय. आंबेल आता. येताय ना?"

टाळ्या थांबल्या. नव्या नमुन्यासाठी तोच ढीग लागणार होता.

मग्रीता मोजा तसाच शालीत गुंडाळून अंगणावर गेली. मागोमाग सगळा गाव. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तिने मूठ वर काढली, नाकाशी धरली. दीनाने श्वास रोखला. मग्रीता थबकली नाही, कुणाकडे पाहिलंही नाही.

"झाला," म्हणाली. "पसरा."

दुपारी तिने मोज्यात उरलेली कॉफी पातेल्यात उकळली, कडक, सासू करायची तशी, आणि कप घेऊन ओट्यावर बसली. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं. तिने दुसरा घेऊन पाहिला. कडू आणि जळका. इतकी वर्षं जिची आठवण काढली ती कॉफी ही नव्हती. किंवा हीच होती आणि मधल्या काळात कॉफीशिवाय जीभच दुसरीकडे नांदायला गेली होती. हेही तिला कुणी विचारलं नव्हतं. उरलेला कप तिने ओट्याच्या कडेला असलेल्या जुन्या किटलीत ओतला, जिरेनियमच्या मुळाशी.

मग तिने मोजा धुतला, पिळला, आणि सुई घेऊन बसली.

इझाक आतून चहाचा कप घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने केलेला रॉयबॉस. न उकळलेला, पाणचट, साखर तळाशी. तिच्याशेजारी ठेवून उभा राहिला.

"गार होईल," म्हणाला.

तिने सुईने एक टाका उचलला.

"रफू करतेस?" त्याने जरा आशेने विचारलं. "दुसरा आहे माझ्याकडे."

"उसवतेय."

लाल टाच आधीच सुटली होती. आता करडी लोकर निघत होती, कॉफीने तपकिरी पडलेली, ओळीमागून ओळ, आणि तिच्या मांडीवर गुंडा वाढत होता. शेवटचं टोक हाती आल्यावर तिने तो गुंडा उचलून नाकाशी धरला. डोळे मिटून, बराच वेळ. इतकं धुऊनही वास गेला नव्हता.

इझाक शेजारीच उभा होता. या वेळी त्याने मनाचे खेळ म्हटलं नाही.