पाचव्या तासाची अट

तक्तेबाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलटेनिसच्या टेबलावर उपडा केला, आणि पुठ्ठ्याचे रंगीत चौकोन जाळीपर्यंत घरंगळत गेले. सहाशे बहात्तर चौकोन. चौदा वर्ग, प्रत्येकाचे आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. हिरवे विज्ञानाचे, निळे इतिहासाचे, गुलाबी गणिताचे, म्हणजे त्यांचे स्वतःचे. सव्वीस वर्षं दर सुट्टीत त्या या खेळाच्या खोलीत स्वतःला कोंडून घेत आणि आठ दिवसांनी अख्ख्या शाळेचं वेळापत्रक घेऊन बाहेर पडत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावरच राहिलं. शिपायापासून सगळ्यांच्या तोंडी त्या तक्तेबाई.

गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. नवं वर्ष सुरू व्हायच्या आत एवढं एक वेळापत्रक लावून द्यायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरलं होतं. पण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, यंदा ते कॉम्प्युटरवर करायचं ठरवलं. त्यासाठी बोलावलेला माणूस कोण, तर साक्षात तक्तेबाईंचे जावई.

जावई पोटापाण्यासाठी एका छापखान्यातली यंत्रं सांभाळत आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशवी अडकवून शाळाशाळांतून फिरत. मुक्त सॉफ्टवेअर वापरा, असं सांगत. आतापर्यंत तेवीस शाळा झाल्या होत्या. एकोणीस ठिकाणी नुसता चहा मिळाला होता, चार ठिकाणी काम. जावई काय करतात, असं कोणी विचारलं की बाई "कॉम्प्युटरमध्ये आहेत" एवढं सांगून विषय बदलत. आपली वस्तू स्वतःहून दारोदार वाटत सुटलेल्या माणसाला काय म्हणावं, हे त्यांना अजून सुचलं नव्हतं.

"फुकट नाही, आई, मुक्त," जावई न कंटाळता सांगत. "आतलं सगळं उघडं असतं. कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं."

"आम्हाला उघडं दिसलं की झाकून ठेवायची सवय," बाई म्हणत.

गेले तीन दिवस जावयांनी टेबलाच्या एका टोकाला बसून वर्ग, विषय, शिक्षक सगळं भरून घेतलं होतं. आज अटींची पाळी होती. बाई ढिगातले चौकोन रंगांप्रमाणे वेगळे करत होत्या. त्याची काही गरज नव्हती, पण हात रिकामे ठेवून त्यांना बोलता येत नसे.

"सांगा आता. कोणाला कधी काय चालत नाही?"

"चित्रकलेच्या सरांचा गुडघा गेलाय. तिसऱ्या तासानंतर त्यांना जिना नको."

"बरं."

"ग्रंथालयाच्या बाई आणि संगीताच्या बाई. दोघींना एका वेळी ऑफ तास द्यायचा नाही."

"का?"

"अकरा वर्षांपूर्वी स्टाफरूमच्या खिडकीवरून वाजलं. एकीला उघडी हवी, एकीला बंद. खिडकी आता उघडतही नाही, गंजलीय. पण दोघी बोलत नाहीत."

जावयांनी हसू दाबत टाइप केलं. प्रत्येक अटीपुढे टक्के भरायचे होते. शंभर म्हणजे काही झालं तरी मोडायची नाही. कमी असेल तर शक्यतो पाळायची, अगदीच अडलं तर सोडायची. बाईंनी सगळ्यांना शंभर सांगितले. त्यांच्या जागी आलेल्या गणिताच्या नव्या बाईंचं तान्हं मूल समोरच्या पाळणाघरात होतं, त्यांना चौथा तास मोकळा हवा होता. शंभर. एकवीस अटी झाल्या.

"झालं?"

बाईंच्या हातात एक निळा चौकोन होता. तो त्यांनी निळ्या गठ्ठ्यावर ठेवला, पुन्हा उचलला.

"झालं," त्या म्हणाल्या.

जावयांनी बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा धावू लागला. शंभर, दोनशे, चारशे. मग तो अडला, चारशे बाराचा चारशे तीन झाला, पुन्हा चढला. बाई खुर्ची ओढून जवळ आल्या.

"मागे का आला?"

"एक तास बसत नव्हता, म्हणून आधी बसवलेले नऊ काढले. आता तो बसवून त्या नऊंना दुसरीकडे जागा शोधतोय."

बाई बघतच राहिल्या. त्याही असंच करत. एक चौकोन अडला की नऊ उचलून पदरात घ्यायच्या आणि एकेकाला जागा शोधत बसायच्या. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आपले हातच कोणीतरी आत बसवलेत असं त्यांना वाटलं. चार मिनिटांत आकडा सहाशे बहात्तरवर जाऊन थांबला. आठ दिवसांचं काम.

त्यांनी चष्मा सारखा करून वेळापत्रक वरपासून वाचायला घेतलं. गुडघा सांभाळला होता, खिडकी सांभाळली होती, तान्हं मूल सांभाळलं होतं. इतिहासाच्या सरांच्या ओळीवर त्या थांबल्या. सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, पाचवा तास मोकळा.

"हे चालणार नाही," त्या म्हणाल्या.

"कोणती अट मोडली?"

"मोडली नाही. मी सांगितलीच नव्हती."

मग त्यांनी सांगितलं. इतिहासाच्या सरांची बायको समोरच्या पोस्टात होती. मधली सुट्टी संपली, पाचवा तास लागला की ती रस्ता ओलांडून यायची आणि दोघं गेटाजवळच्या बाकावर बसायची. तो तास बाईच मुद्दाम मोकळा ठेवायच्या. सहा वर्षांपूर्वी ती गेली. महिनाभरानं सर कामावर आले आणि पाचव्या तासाला स्टाफरूममध्ये गेटाकडे तोंड करून बसू लागले. समोर वही, पेनचं टोपण काढलेलं, आणि घंटा झाली तरी पान कोरं. पुढच्या सुट्टीत बाईंनी त्यांना पाचव्या तासाला रोज वर्ग दिला, तोही कल्ला करणारा. तेव्हापासून दर वर्षी तसंच चाललं होतं. सरांना ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं.

जावई पडद्याकडे वळले. मग प्रोग्रॅममधल्या अटींच्या यादीत वर-खाली शोधत राहिले.

"शिक्षक अमुक तासाला येऊ शकत नाही, ही अट सगळेच घालतात," ते म्हणाले. "हे उलटं आहे. त्या तासाला त्याला मोकळं सोडायचं नाही. अशी अट असेल असं वाटत नाही." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू आवाजात, "आहे."

"आहे?"

"आधी नव्हती. कोणीतरी मागून घेतली. कोणी काय मागितलं, कोणी काय बदललं, सगळं लिहून ठेवलेलं असतं. थांबा, वाचून दाखवतो."

दहा वर्षांपूर्वीचं पत्र होतं, कुठल्या तरी लांबच्या देशातलं. जावई इंग्रजीतून सांगत गेले. "मी आमच्या शाळेचं वेळापत्रक लावतो किंवा लावते, कळत नाही यातून. आमच्याकडे एक शिक्षक आहेत. मंगळवारी दुसऱ्या तासाला ते एकटे बसता कामा नयेत. कारण लिहीत नाही. असं काही करता येईल का?"

"मग?"

"खाली ज्यांनी हा प्रोग्रॅम लिहिला त्यांचं उत्तर आहे. 'करता येईल. दोन दिवस द्या.' आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा त्या पहिल्यांचं पत्र. 'आभारी आहे. बसलं.' एवढंच."

पंखा फिरत होता. बाईंनी त्या तीन पत्रांवरून बोट फिरवलं, जणू पडद्यावर अक्षरं उमटून वर आली होती. सव्वीस वर्षं त्यांना वाटत होतं की पुठ्ठ्याच्या तुकड्यांतून माणसं सांभाळणारं जगात आपल्यासारखं येडं दुसरं कोणी नसेल. आणि कुठे तरी, कोणत्या तरी शाळेत, असंच एक माणूस मंगळवारचा दुसरा तास हातात घेऊन बसलं होतं. त्यानं विचारलं, दुसऱ्यानं कारण न विचारता करून दिलं, आणि ते दहा वर्षं तसंच ठेवून दिलं, लागलं तर कोणीही घ्यावं म्हणून. कुठल्याही मोठ्या देवळात कधी वाटलं नाही असं काहीतरी बाईंना त्या खेळाच्या खोलीत वाटलं.

"हे वाटत फिरता होय तुम्ही," त्या म्हणाल्या.

जावयांचे कान लाल झाले. "हेच," ते म्हणाले. लग्नाला सात वर्षं झाली होती, सासूबाईंनी त्यांच्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

जावयांनी अट घातली. इतिहासाचे सर, पाचवा तास, मोकळा नको, रोज, शंभर टक्के. बटण दाबलं. आकडा सहाशे एकोणसत्तरवर गेला आणि तिथेच घुटमळू लागला. मागे यायचा, पुन्हा तिथेच जायचा. दहा मिनिटं झाली.

"बसत नाही," जावई म्हणाले. "तीन तास उरतायत. पाचव्या तासाला वरच्या वर्गांना प्रयोगशाळा लागते आणि इतिहासाचे सरही वरच्याच वर्गांना शिकवतात. तुम्ही हातानं कसं बसवायचात?"

बाईंनी गुलाबी गठ्ठा जवळ ओढला. जावयांनी भिंतीला टेकवलेला गेल्या वर्षीचा तक्ता आपल्याकडे वळवला आणि गुलाबी चौकोन शोधत गेले. सोमवारी सलग सहा तास. बुधवारी सात. एका दिवशी मधली सुट्टी सोडून दिवसभर गुलाबी. जिथे जिथे काही अडलं होतं, तिथे बाईंनी स्वतःचा तास सरकवला होता.

"यंदा तुम्ही नाही, म्हणून अडलंय," ते म्हणाले.

"नव्या बाईंना असं राबवायचं नाही. मूल लहान आहे."

"मग कोणतीतरी अट शंभरवरून खाली आणावी लागेल."

"सरांची नाही."

जावई खुर्चीत अवघडले. "आई, अजून एक सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षीपासून वेळापत्रक कोण बघणार, ते मोठ्या बाईंनी ठरवलंय. इतिहासाचे सर. चार वाजता शिकायला येतायत."

बाईंनी घड्याळ पाहिलं. चारला पाच कमी होते.

"ही यादी त्यांना दिसणार?"

"दिसणारच. यात काही लपवलेलं नसतं, तेच तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. तेवीस शाळांत अभिमानानं म्हटलेलं ते वाक्य होतं. "काढून टाकू का अट? कोणाला कळणार नाही. सगळं बसेलही."

"आणि पाचव्या तासाला ते बसतील गेटाकडे बघत."

"मग दुसरं काही नाव देऊन ठेवू."

"खोटं नको लिहायला," बाई म्हणाल्या. आणि तेवढ्यात व्हरांड्यात चपला वाजल्या.

इतिहासाचे सर आत आले, नमस्कार केला, खुर्ची घेऊन पडद्यासमोर बसले. उत्तरपत्रिका तपासावी तशी त्यांनी यादी वरून वाचायला सुरुवात केली. गुडघ्याशी मान हलवली. खिडकीशी खुदकन हसले. "मला वाटायचं योगायोग," असं म्हणून पुढे गेले. बाई गुलाबी चौकोन मोजत होत्या आणि मोजणी पुन्हा पुन्हा चुकत होती.

शेवटच्या ओळीशी सर थांबले. त्यांनी ओळ एकदा वाचली असेल, दहादा वाचली असेल. मान वर न करता त्यांनी विचारलं, "हे शंभर म्हणजे काय?"

"म्हणजे मोडायचीच नाही," जावई म्हणाले.

"आणि कमी केलं तर?"

"शक्यतो पाळेल. अगदीच अडलं तर एखादे वेळी सोडेल."

"अगदीच अडलं तर," सर स्वतःशी म्हणाले. त्यांनी एका बोटानं शंभर पुसले आणि नव्वद लिहिले. "आता कुठे दाबायचं?"

जावयांनी दाखवलं. आकडा धावला, सहाशे एकोणसत्तरवर अडला, सहाशे चाळीसपर्यंत मागे गेला. आत कुठेतरी कोणी एकोणतीस चौकोन पदरात घेतले होते आणि एकेकाला जागा शोधत होतं. सहाशे साठ. सहाशे एकाहत्तर. सहाशे बहात्तर.

सरांनी आपली ओळ शोधली. पाच दिवस पाचव्या तासाला वर्ग होता. गुरुवारचा चौकोन तेवढा पांढरा.

"गुरुवार," सर म्हणाले. मग वळून पहिल्यांदा बाईंकडे पाहिलं. "गुरुवारी काही हरकत नाही, बाई. गुरुवारी पोस्टात गर्दी असायची. ती यायची नाही."

तक्तेबाईंना सव्वीस वर्षांचे सगळे तास तोंडपाठ होते. गुरुवारी पाचव्या तासाला त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर असे, आणि तिथून गेटाजवळचा बाक सरळ खाली दिसे. दर गुरुवारी त्यावर दोघं असत.

त्यांनी निळा चौकोन डब्यात टाकला.

"हो का," त्या म्हणाल्या. "मग बसलं."