लुसिनाची मोहोर

पेटिलियाला पहाटेपासून कळा येत होत्या आणि तिची आई ऑपिया घरभर गाठी सोडत सुटली होती. केसांच्या, पडद्यांच्या, बोचक्यांच्या. बाळंतिणीच्या घरात गाठ राहिली की मूल अडतं, हे रोममध्ये कोणाला सांगावं लागत नाही.

"बुधल्यांच्या दोऱ्याही सोडू का?" ऑपियाचा नवरा पेटिलिउस म्हणाला.

"सोडा. आणि मोहोर घेऊन देवळात जा."

लेकीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच त्यानं ती सोन्याची मोहोर घेतली होती. एका बाजूला सम्राज्ञी, दुसऱ्या बाजूला मांडीवर मूल घेतलेली जुनो लुसिना, बाळंतपणाची देवी. "बाबा, देवीला हीच वाहा हं," असं लेकीनं बजावलं होतं.

पण पेटिलिउस तेलाचा व्यापारी. माल हाती पडण्याआधी पुरते दाम मोजायची त्याला सवय नव्हती. आत्ता चांदी, नातू झाल्यावर सोनं, असा सौदा त्यानं देवीशी परस्पर ठरवला, आणि भुरट्यांच्या भीतीनं मोहोर अंगरख्याच्या आतल्या टोकाला बांधली.

देवळाच्या दारात त्यानं कमरपट्टा काढला, वहाणांचे बंद सोडले.

"अंगावर कुठं गाठ?" सेविकेनं विचारलं.

"एकही नाही."

पैशाची गाठ ती काय गाठीत धरायची? चांदीचं नाणं टाकून तो परतला.

घरी सुईण बाहेर आली. "मूल आडवं आहे, शेठ. कुठंतरी गाठ राहिलीय बघा."

ऑपिया पुन्हा घर उपसू लागली. तो गुपचूप बुधल्यांमागे गेला. तेलकट बोटांना गाठ दाद देईना, तेव्हा दातांनी सोडवली. तेवढ्यात आत मूल रडलं. मोहोर मुठीत घेऊन तो हसतच धावला.

मुलगा झाला होता. पण रक्त थांबलं नाही. दुपारी पेटिलिया गेली.

ऑपिया तिच्या उशाशी बसली. "पाळण्याची दोरी मी नीट बघितली नाही," ती पुटपुटली. "माझ्याच हातून राहिली असणार."

गप्प बसला असता तर कोणाला कळणार होतं?

"गाठ माझ्याकडे होती," तो म्हणाला आणि मूठ उघडली.

ऑपियानं मोहोरेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. नातू भुकेनं ओरडत होता.

"दूध पाजणारी बाई शोधून आणा," ती म्हणाली. "आणि ती मागेल ते द्या."

तो वहाणांचे मोकळे बंद फरफटवत बाहेर पडला.