बहिरूची भाकर

बेटाच्या सहलीत चार रात्री, पाच दिवस, काचेच्या तळाची एक बोट आणि एक निवृत्त युद्धनौका होती. नाश्ता धरून. तळेगावच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या पवनने मुद्दाम हीच सहल घेतली, कारण त्याचे वडील गेणूआबा त्याच नौकेवर इंजिनखात्यात बारा वर्षं होते. वडिलांना न सांगता आनंद द्यायचा असं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, प्रतीक्षानं ठरवलं होतं. आबांना कळलं तेव्हा तिकिटं रद्द होण्यासारखी राहिली नव्हती.

चिंगीला मात्र खरोखरच आनंद झाला. चिंगी डोंगरावरच्या वाडीतली. तिचा थोरला भाऊ बहिरू, त्याला लोणावळ्याला नौदलाच्या भरतीला आबांनीच नेलं होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तो त्या जहाजावरच वारला. सहलीच्या आदल्या दिवशी ती डोंगर उतरून आली आणि फडक्यात बांधलेली नाचणीची भाकर तिनं आबांच्या हातात ठेवली.

"लाटेनं त्याला जितं नेला, तितं पान्यात सोडा, भाऊ. आय असती तर तिनंच दिली असती."

"व्हय," आबा म्हणाले.

लाट आबांचीच होती. नौदलाचं पत्र इंग्रजीत आलं होतं आणि ते वाचू शकणारा माणूस एकच, सुट्टीवर आलेला गेणू. पत्रात इंजिनखोलीतली आग होती, धूर होता आणि बंद केलेलं झाकण होतं. समोर बहिरूची आई भामाबाई विचारत होती, लय तरास झाला का रं त्याला? गेणूनं कागदावरची नजर न उचलता एक लाट वाचून दाखवली. मोठी होती, क्षणात घेऊन गेली. बहिरू पट्टीचा पोहणारा होता ही अडचण त्याला नंतर सुचली, पण तोवर वाडीनं लाट मान्य केली होती. भामाबाई मरेपर्यंत तिला शिव्या देत राहिली.

नौकेच्या दारावर रखवालदार पिशव्या तपासत होता. खाद्यपदार्थांना बंदी होती. आबांनी भाकर शर्टाच्या आत, पोटाशी धरली.

नौकेला नवा रंग दिला होता. तोफेपाशी सेल्फीसाठी कुठं उभं राहायचं ते दाखवणारी पिवळी पावलं रंगवली होती. खाली इंजिनखोलीच्या झाकणाभोवती लाल दिवे होते आणि दर चार मिनिटांनी स्पीकरमधून धोक्याची घंटा वाजायची, वीस सेकंद. खरी घंटा अकरा मिनिटं वाजली होती, पण पर्यटकांना तेवढा वेळ कुठला.

शेजारी हिंदीत पाटी होती. आग पसरू नये म्हणून झाकण वरून बंद करण्यात आलं, तेव्हा खाली चार नौसैनिक जिवंत होते. चार नावं. तिसरं बहिरूचं. बंद कोणी केलं ते नव्हतं. पाटीवर जागा कमी असावी.

झाकणाचं चाक आबांच्या ओळखीचं होतं. साडेतीन वेढे. खालून लोखंडी पाने ठोकल्याचे आवाज आधी बरेच होते, मग दोन, मग एक.

"आबा, चाकाला हात लावून उभे राहा ना," प्रतीक्षा म्हणाली. "आणि थोडं हसा."

आबा हात लावून उभे राहिले. हसणं जमलं नाही, तरी फोटो चांगला आला.

"पाटीचापण काढलाय. चिंगीमावशींच्या नातीला पाठवला, करिष्माला. दाखवेल त्यांना. भावाचं नाव बघून किती बरं वाटेल."

आबा घाईनं वर आले. कठड्याला टेकून फडक्याची गाठ सोडवायला लागले. गाठ चिंगीनं घट्ट मारली होती. ती सुटायच्या आत मागून प्रतीक्षा फोन घेऊन आली.

"चिंगीमावशींचाच आहे. बोला, मी सृष्टीला तोफेवरून उतरवते." सृष्टी म्हणजे तिची लेक.

"भाऊ," चिंगी म्हणाली, "पोरीनं वाचून दाखवलं."

"व्हय."

"लाट न्हवती."

"न्हाई."

"मग झाकान कुनी लावलं?"

साहेबाचा हुकूम होता, जहाजावर दोनशे माणसं होती. हे सगळं खरं होतं आणि पंचेचाळीस वर्षं तोंडपाठ होतं.

"म्या," आबा म्हणाले.

पलीकडे अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या.

"हाक मारली का त्यानं?"

"मारली."

"कुनाला?"

"मला."



"भाकर माघारी आना," चिंगी म्हणाली. "तुमच्या हातची तो खायाचा न्हाई."

आबांनी अर्धवट सुटलेली गाठ पुन्हा मारली. बाहेर पडताना भाकर शर्टात लपवायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. रखवालदारानं हातातलं फडकं पाहिलं.

"काका, आत कुणी खाल्लं तर नाही ना?"

"न्हाई," आबा म्हणाले. "कुनीच न्हाई."